लाभांक तेवीस

"खरातताई, आधी बसा," तौर सर म्हणाले, तेव्हाच सारिकाला कळलं की बातमी काही बरी नाही. लेक शाळेत जायला लागून तीन वर्षं झाली होती, पण मुख्याध्यापकांनी तिला बसायला कधी सांगितलं नव्हतं.

सरांनी टॅब तिच्याकडं सरकवला. वर अन्वीचा फोटो होता, डोक्याला निळी पट्टी बांधलेला, आणि खाली नारिंगी रंगात मोठा आकडा. तेवीस.

"हा लाभांक. शंभरापैकी," सर म्हणाले. "चाळीसच्या वर गेला असता, तर आठवड्याला चार तास विशेष शिक्षक मिळाला असता. खाली गेला की सांभाळ गट."

"सांभाळ गट म्हणजे?"

"म्हणजे लेकरू वर्गातच बसणार. कुणी रागावणार नाही, नापास करणार नाही. नीट सांभाळायचं."

"आणि शिकवायचं?"

सरांनी टॅब परत आपल्याकडं ओढला. "मंडळाचा निर्णय आहे, ताई. तीन वर्षांनी पुन्हा चाचणी होईलच की."

तीन वर्षांनी अन्वी बारा वर्षांची होणार होती. सारिका उठली. खुर्ची मागं सरकताना जोरात आवाज झाला, आणि तो झाला याचं तिला बरं वाटलं.

अन्वी नऊ वर्षांची. गोष्ट एकदा ऐकली की महिनाभरानं शब्दाला शब्द सांगायची. तोंडी हिशोब असे करायची की दुकानदार गडबडायचा. पण वही उघडली की तिचा चेहरा बदलायचा. 'घ' आणि 'ध' तिला एकसारखेच दिसायचे, काना कधी पुढं तर कधी मागं जायचा, आणि जोडाक्षर आलं की संपलंच. स्वतःचं नाव ती 'अनवी' लिहायची, कधी 'अवनी'. पहिलीतल्या बाई म्हणाल्या होत्या, येईल हळूहळू. दुसरीतल्या म्हणाल्या, घरी सराव घ्या. तिसरीतल्या लोखंडे मॅडमनी मात्र खरं सांगितलं होतं. "ताई, हिला वाचनाची अडचण आहे. शिकवायची वेगळी पद्धत असते, पण ती मला येत नाही. वर्गात एकावन्न लेकरं आहेत. विशेष शिक्षक मागा."

मागायचं म्हणजे 'वेध'ला विचारायचं.

वेध येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. राज्यात विशेष शिक्षक थोडे आणि गरजू लेकरं भरपूर, म्हणून कुणाला शिक्षक द्यायचा हे ठरवायला शिक्षण पाठबळ मंडळानं हे यंत्र आणलं होतं. लेकराच्या डोक्याला मऊ पट्टी बांधायची. तिच्यात बत्तीस बारीक संवेदक. समोरच्या पडद्यावर अक्षरं येतात. अक्षर दिसलं की सेकंदाच्या साधारण सहाव्या हिश्श्यात मेंदूच्या मागच्या बाजूला विजेची एक सूक्ष्म लहर उठते. सराईत वाचणाऱ्याची लहर डावीकडं आणि ठळक उठते, अडखळणाऱ्याची पसरट, दोन्हीकडं. पट्टी ती लहर टिपते. पडद्यावरचा कॅमेरा डोळे कुठं थांबतात, कुठून माघारी फिरतात ते बघतो. इथवर सगळं मोजमाप, आणि मोजमाप म्हणून ते चोख होतं.

पुढचा भाग अंदाजाचा. वेधच्या पोटात आधीच्या चार लाख लेकरांच्या नोंदी भरलेल्या होत्या. कुणाची लहर कशी होती, कुणाला पाठबळ मिळालं, दोन वर्षांनी कोण किती पुढं गेलं. नवं लेकरू आलं की वेध या नोंदींशी त्याचा मेळ घालायचा आणि सांगायचा: याला शिक्षक दिला तर किती फायदा होईल. तोच लाभांक. शिक्षक मोजके, तर जिथं फायदा जास्त तिथं ते पाठवायचे. ऐकायला कुणालाही पटेल असं होतं. सारिकालाही आधी पटलंच होतं. पट्टी बांधायला तिनं स्वतः अन्वीची वेणी सोडली होती.

*

तेवीस हा आकडा घरात आला आणि जेवायला, झोपायला घरातच राहायला लागला.

दिगंबर, अन्वीचा बाप, जालन्याच्या स्टील कारखान्यात भट्टीवर होता. आठवड्यातून तीनदा तो अन्वीला घेऊन पाट्या वाचत फिरायचा. दुकानांच्या, गाड्यांच्या, लग्नाच्या. अन्वी चुकायची, दोघं हसायचे, पुन्हा वाचायचे. आकडा आल्यावर त्यानं ते बंद केलं. ओरडला नाही, चिडला नाही. उलट जास्तच लाड करायला लागला. येताना खाऊ आणायचा, पाटी दिसली की स्वतःच वाचून दाखवायचा.

"तुम्ही तिला वाचायला का सांगत नाहीत?" सारिकानं विचारलं.

"उगं कायला लेकराला ताप?" तो म्हणाला. "यंत्रानं डोक्याच्या आत बघून सांगितलंय. ती आहे तशी आहे. आपण तिला सुखात ठेवू."

शाळेत लोखंडे मॅडमनी अन्वीला शेवटच्या रांगेत बसवलं. प्रश्न विचारणं बंद झालं. त्या वाईट नव्हत्या. एकावन्न लेकरांतली सात यंत्रानं बाजूला काढून दिली होती, आणि दमलेल्या माणसाला तेवढीच उसंत.

सारिकाला सगळ्यांचा राग यायचा. पण एका संध्याकाळी अन्वी दूध आणायची चिठ्ठी वाचायला लागली, "अ-र्-धा..." आणि सारिका पटकन म्हणाली, "अर्धा लिटर, दे इकडं." तसं अन्वीनं निमूट चिठ्ठी दिली.

"थांब. वाच तू," सारिका म्हणाली.

"नको ना, आई. मी सांभाळ गटातली आहे. मला नाही येणार." ती हे रडून बोलली नाही. आपल्याला चष्मा आहे असं सांगावं तसं तिनं सांगितलं.

तीन महिन्यांपूर्वीपर्यंत हे लेकरू वाचताना घाम गाळत होतं, पण झटत होतं. आता झटतच नव्हतं. आणि तीन वर्षांनी मोजलं की म्हणणार, बघा, आकडा बरोबरच होता.

*

विशेष शिक्षक कुठं मिळेल, हे त्यांच्या गावात, नेरसांगवीत, कुणालाच सांगता येईना. मंडळाच्या मदत क्रमांकावर एक गोड आवाज यायचा आणि लाभांक विचारून फोन ठेवून द्यायचा. शेवटी अंगणवाडीताईंनी नाव सांगितलं. नाझिमा पठाण. फिरत्या विशेष शिक्षिका, वीस वर्षांचा अनुभव, शेजारच्या तालुक्याच्या गावी राहतात.

सारिका रविवारी गेली. सोबत अन्वीचं नोंदपत्रक होतं. कोणत्या गोष्टीला वेधनं किती वजन दिलं ते त्यात असतं आणि पालकानं मागितलं तर द्यावंच लागतं. तिला ते तिसऱ्या अर्जाला मिळालं होतं.

पठाण मॅडम पन्नाशीच्या, बुटक्या, बोलायला स्पष्ट. त्यांनी पत्रक टेबलावर पसरलं. "मेंदूची लहर, एकतीस टक्के. डोळ्यांची हालचाल, अठरा. वय, सात." त्यांचं बोट खालच्या ओळीवर थांबलं. "शाळेचा संकेतांक आणि परिसरातला पूर्वलाभ, चव्वेचाळीस."

"पूर्वलाभ म्हणजे काय?"

"तुमच्या शाळांतल्या आधीच्या लेकरांना पाठबळ दिलं तेव्हा किती फायदा झाला, ते." त्यांनी पान उलटलं. "सहा वर्षांत एकशे बारा लेकरांना पाठबळ दिलं. फायदा झाला तिघांना."

"एकशे बारा लेकरांना? नेरसांगवीत?" सारिका म्हणाली. "माझा जन्म तिथला आहे, मॅडम. आमच्याकडं विशेष शिक्षक आलेला मी कधी बघितला नाही. कोण होतं?"

मॅडमनी पत्रकावरचं बोट उचललं. मग म्हणाल्या, "मी होते. कागदावर. तीन तालुके होते माझ्याकडं, तीनशेवर लेकरं. सहा वर्षांत मी नेरसांगवीला दोनदा आले. एकदा तपासणीला, एकदा समारंभाला."

"मग हे 'पाठबळ दिले' कुणी लिहिलं?"

"कुणीच लिहीत नाही. मंजुरीचा आदेश निघाला की ती नोंद आपोआप पडते."

सारिका उभी राहिली. "आणि तुम्ही गप्प बसलात?"

"चार पत्रं लिहिली. नोंद बदलायची सोय नाही, असं उत्तर आलं. पाचवं लिहायला हवं होतं, ते नाही लिहिलं." मॅडमनी मान खाली घातली नाही. "तुम्ही रागवा. तुमचा हक्क आहे."

सारिका जालन्याच्या एका बियाणे तपासणी प्रयोगशाळेत अकरा वर्षं काम करत होती. ती म्हणाली, "आमच्याकडं शंभर-शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवतात आणि सात दिवसांनी कोंब मोजतात. कागद ओलाच केला नाही आणि उगवण शून्य लिहिली, तर त्या माणसाला त्याच दिवशी घरी पाठवतील. इथं सहा वर्षं कोरड्या कागदावर दाणे ठेवले, आणि आता म्हणतात, या गावचं बियाणंच वांझ!" तिनं पत्रकावर हात आपटला. "आणि यंत्राला गाव कशाला सांगायचं? आमच्याकडं नमुना येतो त्याच्यावर नुसता नंबर असतो. शेतकऱ्याचं नाव नाही, गाव नाही. गाव कळलं की तपासणाऱ्याची नजर बदलते, म्हणून."

"यंत्राची नजर तशीच बदलली," मॅडम म्हणाल्या. "पण हे नुसतं बोलून कुणी ऐकणार नाही."

"बोलणारच नाही मी. चाचणी करणार."

*

जिल्ह्याच्या चाचणी केंद्रात शनिवारी कुणीही येऊन चाचणी करून घेऊ शकत होतं. अर्जात 'प्रवेश घ्यायची शाळा' असा रकाना होता. बदलून येणाऱ्या लेकरांसाठी तो ठेवलेला. तिथं कोणतीही शाळा निवडा, नियमात बसत होतं.

सारिकानं लॅबमध्ये जसं करायची तसंच केलं. तेच लेकरू, तीच पट्टी, तीच खुर्ची, तोच दिवस. आधी नेरसांगवीची शाळा, मग जालन्याची, मग पुन्हा नेरसांगवी, अशी आलटून पालटून सहा वेळा. मधे पंधरा मिनिटं विश्रांती आणि पाणी. केंद्रातली मुलगी आधी वैतागली. तिसऱ्या वेळेनंतर ती खुर्ची ओढून शेजारीच बसली.

नेरसांगवी: तेवीस, चोवीस, बावीस.

जालना: सदुसष्ट, एकोणसत्तर, अडुसष्ट.

"बाई गं," ती मुलगी हळूच म्हणाली.

अन्वी पडद्याकडं बघत होती. आकडे तिला चांगले वाचता यायचे. "आई, मी आता हुशार झाले का?"

सारिकाला त्या क्षणी पडदा फोडावासा वाटला. तिनं अन्वीची पट्टी सोडली, केसांत अडकलेली एक तार सावकाश मोकळी केली, आणि म्हणाली, "तू होतीस तेवढीच आहेस. खोटं हे यंत्र बोललं, तू नाहीस."

*

मंडळाचे पाठबळ अधिकारी देशमाने साहेब. त्यांनी सहाही पावत्या शांतपणे बघितल्या, दार लावून घेतलं आणि आवाज मऊ केला.

"ताई, तुमच्या लेकराचं काम झालं समजा. नाव जालन्याच्या शाळेत घाला. अडुसष्टवर उद्याच्या उद्या शिक्षक देतो. तिथं दोन आहेत. पण याचा बोभाटा नको. यंत्रावरचा लोकांचा विश्वास उडाला तर सगळ्यांचंच नुकसान."

"आणि बाकीची लेकरं?"

"तुम्ही तुमच्या लेकराचं बघा ना," साहेब म्हणाले. त्यात धमकी नव्हती. सवयीनं बोलल्यासारखं ते बोलले.

घरी दिगंबरला सांगितलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले. अडुसष्ट! मग तो ताडकन उठला. "माझ्या ताईकडं ठेवू तिला जालन्याला. मी रोज कारखान्यातून जाऊन भेटत जाईन. सारिका, दाखला काढ उद्याच."

"आणि हे असंच चालू द्यायचं?"

"तू काय साऱ्या गावाची आई आहेस का?" त्याचा आवाज चढला. "तीन महिने मी लेकराच्या तोंडाकडं बघू शकलो नाही. आता वाट निघालीय तर तुला भांडण सुचायलंय!"

"तीन महिने तुम्ही यंत्राचं ऐकलं. लेकराचं नाही ऐकलं."

हे त्याला लागलं. सारिकालाही बोलून झाल्यावर लागलं, कारण दुधाची चिठ्ठी तिनं स्वतःच ओढून घेतली होती. सकाळी तिनं दाखल्याचा अर्ज भरला. खरं सांगायचं तर ती दाखला काढायलाच शाळेत गेली होती.

तौर सर वर्गावर होते म्हणून ती तिसरीच्या खिडकीशी थांबली. शेवटच्या रांगेत अन्वी धरून सांभाळ गटातली सात लेकरं. त्यांच्यापुढं आंब्याचं चित्र. तेच चित्र अन्वीनं गेल्या महिन्यात दोनदा रंगवून घरी आणलं होतं. पुढं वाचनाचा तास चालू होता, आणि मागं सात डोकी खाली घालून आंबे पिवळे करत होती. त्यातली एक, आरोही, आपलं चित्र संपवून हात वर करून बसली होती. मॅडमचं लक्ष नव्हतं. सारिका दहा मिनिटं उभी होती. आरोहीचा हात वरच होता. मग तिनं तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला, दुखायला लागला म्हणून.

आरोहीची आई मीनाबाई शाळेत खिचडी शिजवायची. ती पदराला हात पुसत आली. "तुमची चालली जालन्याला? चांगलं झालं, बाई. माझ्या पोरीचा अठरा आहे." एवढंच बोलली. काही मागितलं नाही, कुढली नाही. "तिचं काय नशीब," असं म्हणून आत वळली.

सारिकाला देशमान्यांवर आला नव्हता एवढा राग तिथं आला. नशीब! एका संगणकानं न दिलेला तास दिला म्हणून लिहिला, आणि ही बाई नशिबाला दोष देतेय.

"मीनाबाई," ती म्हणाली, "शनिवारी आरोहीला घेऊन चला माझ्यासोबत."

दाखला तिनं मागितलाच नाही.

*

शनिवारपर्यंत सारिकाचं धरून सतरा घरं तयार झाली. सारिका दारोदार गेली. कुणी म्हणालं, अन्वीला जागा मिळाली ना, मग आता आम्हाला कशाला? कुणाला मंडळाची भीती वाटली. एका आजोबांनी विचारलं, आकडा आणखी खाली गेला तर? ती प्रत्येकाला पावत्या दाखवायची. तेच लेकरू, तीच पट्टी.

गाडीचं काय करायचं ते ठरलं नव्हतं. शनिवारी सकाळी दारात कारखान्याचा विजेवरचा टेम्पो उभा राहिला. दिगंबर चालवत होता. त्यानं मागं सतरंज्या अंथरल्या होत्या. सारिकाकडं न बघता तो म्हणाला, "आरोहीच्या घरावरून घेऊ आधी." मग अन्वीला त्यानं पुढं बसवलं आणि वाटेतली एकही पाटी स्वतः वाचली नाही.

पठाण मॅडम केंद्रावर आधीच येऊन थांबल्या होत्या. अख्खा दिवस गेला. सतरा लेकरं, प्रत्येकाच्या दोन चाचण्या. सतरांपैकी चौदांचे आकडे जालन्याचं नाव घालताच चाळीसच्या वर गेले. आरोहीचा एकावन्न. तिघांचे मात्र खालीच राहिले. बत्तीस, एकोणतीस, एकोणीस.

त्या तिघांचे आईबाप भिंतीशी उभे होते. "म्हणजे आमची खरंच..." एका बापानं विचारलं.

"काय खरंच?" पठाण मॅडम एकदम कडाडल्या. एवढ्या बुटक्या बाईचा एवढा आवाज निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं. "ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्याच्याकडं सगळ्यात आधी जायचं, असं शिकून मी या कामात आले. हे यंत्र उलटं सांगतंय आणि आपण ऐकतोय! एकोणीसवाल्याला शिक्षक नको, असं कोणत्या शहाण्यानं ठरवलं?"

सारिकानं हातातल्या यादीकडं बघितलं. ती अन्वीच्या अडुसष्टला छातीशी धरून बसली होती. चाळीसची रेघच चुकीची आहे, हे तिच्या मनात आलंच नव्हतं. तिनं चौदांची यादी फाडली आणि सतरांची केली.

सोमवारी देशमाने साहेब नेरसांगवीला आले. केंद्राचा गैरवापर, शासकीय यंत्रणेची दिशाभूल, गुन्हा दाखल होऊ शकतो.

"करा दाखल," सारिका म्हणाली. "कोर्टात मला एवढंच विचारायचंय, की माझी लेक गाडीत बसून तीस किलोमीटर गेली की तिचा मेंदू बदलतो का?"

तिच्यामागं सोळा आया उभ्या होत्या. मीनाबाई सगळ्यात पुढं होती आणि तिच्या हातात खिचडीचा मोठा झारा तसाच राहिला होता. गुन्हा काही दाखल झाला नाही.

*

जालन्याच्या एका दैनिकात दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापून आले. मग आणखी चार तालुक्यांतल्या पालकांनी तशाच चाचण्या केल्या. महिन्याभरात मंडळाचं परिपत्रक निघालं. चूक हा शब्द त्यात नव्हता. 'सूत्रात तांत्रिक सुधारणा' करून शाळेचा संकेतांक वगळला होता, आणि नेरसांगवीच्या सतराही लेकरांना 'विशेष बाब म्हणून' पाठबळ मंजूर झालं होतं.

गावात पेढे वाटले. दिगंबरनं आदेश मोठ्यानं वाचला. "आठवड्याला चार तास. विशेष शिक्षक..." तो अडखळला.

"काय झालं?"

"विशेष शिक्षक: पद रिक्त."

सारिकानं कागद घेतला. खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. नोंद: पाठबळ दिले.

तिला सगळं लख्ख दिसलं. शिक्षक येणार नाही. नोंद मात्र रोज पडत राहणार. दोन वर्षांनी सतरा लेकरांना मोजणार, ती आहेत तिथंच असणार, आणि यंत्र म्हणणार, दिलं होतं की, फायदा झाला नाही. आता गावाचं नाव नसेल, तर लेकराच्या नावावर लिहिणार.

दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या वेळी, बरोबर अकराला, ती अन्वीला घेऊन मंडळाच्या तालुका कार्यालयात गेली. सोबत बाकीची सोळा लेकरं आणि त्यांच्या घरचं एकेक माणूस.

"शिक्षक कुठं आहेत?" तिनं विचारलं.

"पद रिक्त आहे, ताई. भरती होईल तेव्हा..." देशमाने म्हणाले.

"मग लिहून द्या. आज तास झाला नाही. प्रत्येक लेकराच्या नावानं वेगळं, सही-शिक्क्यानिशी. आणि ते वेधमध्ये चढवा."

"तशी सोय नाही."

"मग सोय होईपर्यंत लेकरं इथं बसतील. मंजूर तास आहेत त्यांचे."

लेकरं बसली. पठाण मॅडमनी रजा टाकली होती. त्यांनी व्हरांड्यात वाळूची ताटं मांडली आणि लेकरांची बोटं धरून अक्षरं गिरवायला लागल्या, तोंडानं आवाज, बोटानं आकार, दोन्ही एकदम. कामाला आलेली माणसं लेकरांच्या मधून पाय टाकत जायची आणि थांबून बघायची. पहिल्या दिवशी देशमान्यांनी शिपायाला सांगून दिवे बंद केले. दुसऱ्या दिवशी पोलीस बोलावले. हवालदार आला, बघितलं, आणि आपल्या भाच्यालाही असाच त्रास आहे म्हणून मॅडमचा नंबर घेऊन गेला. सारिकाच्या रजा संपल्या, तेव्हा मीनाबाई सतराजणांना घेऊन येऊ लागली. ती परत गेली की दिगंबर रात्रपाळी करून थेट यायचा आणि भिंतीला टेकून, डोळे लाल करून बसायचा.

आठव्या दिवशी देशमान्यांनी लिहून दिलं. सतरा कागद. 'आज शिक्षक उपलब्ध नसल्याने पाठबळ दिले गेले नाही.' रोज सतरा. ते वेधमध्ये चढले, आणि मुंबईत मंत्रालयात पाठबळाचा जो नकाशा तीन वर्षं हिरवा दिसत होता, त्यावर नेरसांगवी लाल झालं. मग इतर तालुक्यांतूनही कागद मागायला लोक यायला लागले. जसजसा नकाशा लाल होत गेला, तसतशी कधीच न निघालेली भरतीची जाहिरात अचानक निघाली.

नेरसांगवीचं पद पावसाळा संपता संपता भरलं गेलं. पठाण मॅडमनी ते मागून घेतलं होतं, आपली फिरतीची जागा सोडून.

पहिला तास शाळेच्या मागच्या खोलीत होता. सारिका अर्ध्या दिवसाची बिनपगारी रजा टाकून आली. दारातच मंडळाचा कारकून टॅब घेऊन उभा होता. हसून म्हणाला, "या ताई, तुमचीच वाट बघायलोय. आता पालकाची सही लागते ना, महिन्याच्या सगळ्या तासांच्या सह्या आताच करून टाका. 'पाठबळ दिले'वर बोट टेकवा. परत परत येण्याचा त्रास नको तुम्हाला."

सारिकानं टॅबकडं बघितलं. सोळा रकाने, सोळा तास, सगळे आधीच भरलेले.

"तास झाला का?"

"नाही, पण होणारच की आता..."

"झाल्यावर या. एकाच तासाची सही मिळेल."

"ताई, मला अजून चार शाळा करायच्यात..."

"मग थांबा," ती म्हणाली आणि दारातल्या पायरीवर बसली. तो दाराबाहेर राहिला. आत पठाण मॅडम काहीतरी विचारत होत्या. मग अन्वीचा आवाज आला. अडखळत, एकेक अक्षर उचलत. एका शब्दाशी ती थांबली. सारिकाच्या ओठांवर तो शब्द आला होता. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि तास संपायची वाट बघत तिथंच बसून राहिली.